भुशाचे पेलेट करणारं 7.5 किलोवॅटचं मशीन: घ्यावं की नाही?

सुतारकामाच्या कारखान्यात भुशाची पोती साठत चालली आणि उचलायला गिऱ्हाईक नसलं, की भुसा दाबून त्याच्या छोट्या कांड्या, म्हणजे पेलेट, करणारं हे छोटं फ्लॅट डाय मशीन हमखास सुचवलं जातं. 7.5 किलोवॅटची मोटर, साधारण 200 मिमी व्यासाची आडवी डाय (छिद्रांची जाड तबकडी) आणि भुसा तिच्या छिद्रांतून दाबणारे रोलर. मोकळा भुसा घनमीटरला 150 ते 200 किलो भरतो, चांगले पेलेट 600 किलोच्या वर. तेवढ्याच जागेत तिपटीहून जास्त माल बसतो, म्हणून लांबच्या गिऱ्हाइकालाही पाठवणं परवडतं. मशीन हे काम करतं, पण भुसा त्याच्या मनासारखा असेल तरच.

माहितीपत्रकातला ताशी उत्पादनाचा आकडा बहुधा पशुखाद्याचा असतो. कोंडा-पेंड मऊ असते, लाकडाला दाब खूपच जास्त लागतो. त्यामुळे लाकडाचा आकडा वेगळा विचारा. स्वस्त मॉडेलमध्ये डाय फिरते, रोलर जागेवरच असतात; लाकडासाठी रोलर फिरणारं मॉडेल बरं.

खरी गोम ओलाव्यात आहे. 10 ते 15 टक्के चालतो, 12च्या आसपास सगळ्यात छान. 100 ग्रॅम भुसा 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. 88 ग्रॅम उरला तर ओलावा 12 टक्के. जास्त ओला असेल तर वाफ कोंडते, पेलेट फुगून तडकतात आणि हाताने सहज मोडतात. फार कोरडा असेल तर छिद्रांत घर्षण वाढतं, मोटरचा अँपिअर चढतो आणि पेलेट काळपट, करपलेले निघतात. रंधा मशीनखालचा, वाळलेल्या लाकडाचा भुसा बहुतेक वेळा थेट चालतो. ओल्या ओंडक्यांच्या कापणीचा भुसा मात्र महाग पडतो: 45 टक्के ओलावा 12वर आणायचा तर 100 किलोमागे साडेसदतीस किलो पाणी उडवावं लागतं. ऊन आणि मोकळी जागा फुकट मिळत नसेल तर त्या भुशासाठी हे मशीन घेऊच नका.

भुशाचे कण छिद्रापेक्षा बारीक हवेत. 6 मिमीच्या डायला 5 मिमीची चाळणी लावा. चाळणीआधी चुंबक हवाच, एक खिळा डाय आणि रोलर दोन्हींना चरे पाडतो. ढलप्या आणि तुकडे आधी हॅमर मिलमधून (ठोकून बारीक करणाऱ्या चक्कीतून) काढावे लागतात, म्हणजे आणखी एक मोटर, आणखी वीज. कोरडे तुकडे चुलीच्या सरपणासाठी जुडी बांधून विकणंच शहाणपणाचं. मोठे, सरळ धाग्याचे तुकडे लेथकामवाले घेतात.

पाइनसारख्या मऊ लाकडाचे पेलेट सहज होतात. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडातला नैसर्गिक चिकट घटक, उष्णतेने मऊ होऊन कण चिकटतात, वेगळा डिंक लागत नाही. कठीण लाकडाला हीच डाय नेहमी जमत नाही. छिद्राच्या लांबीचं व्यासाशी प्रमाण वेगळं असलेली डाय घ्या किंवा 1-2 टक्के स्टार्च मिसळा. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेलं किंवा रसायन मुरवलेलं लाकूड यांचा भुसा यात अजिबात नको. जाळल्यावर रेझिनचा आणि रसायनांचा धूर होतो, आणि असा माल एकदा गेला की ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

मशीनची सर्वात मोठी कटकट म्हणजे डाय सांभाळायला लागणारी शिस्त, विशेषतः बंद करताना. नवी डाय आधी तेल, बारीक वाळू आणि कोंडा यांच्या मिश्रणाने घासून गुळगुळीत करावी लागते. रोज थांबवण्याआधी तेलकट कोंड्याचा घाणा घालून छिद्रं भरून घ्यायची. हे राहिलं, तर आतला भुसा गार होऊन दगडासारखा बसतो आणि दुसऱ्या दिवशी एकेक छिद्र ड्रिलने मोकळं करावं लागतं, त्यातच डायला ओरखडे पडतात. रोलर डायला जेमतेम टेकलेला हवा: घट्ट असेल तर दोन्ही झिजतात, सैल असेल तर भुसा नुसता वर फिरत राहतो.

बाजाराचा हिशोब मशीन घेण्याआधी करा. बॉयलरवाल्याला नियमित पुरवठा आणि कमी राख हवी, छोट्या कारखान्याला ते झेपेलच असं नाही. प्राण्यांच्या अंथरुणासाठी धूळ कमी लागते. काळ्या अक्रोडाचा भुसा मात्र घोड्यांच्या खुरांना बाधतो. अळंबी पिकवणाऱ्यांना कठीण लाकडाचे पेलेट आवडतात, 1 किलोला साधारण 1.3 लिटर पाणी टाकलं की 60 टक्के ओलावा येतो. मला यातला शेवटचा बाजार सगळ्यात विश्वासू वाटतो, कारण तिथे किलोपेक्षा प्रत बघितली जाते.

मशीन बघायला जाताना स्वतःचा भुसा पोत्यात भरून न्या आणि तासभर चालवून घ्या. निघालेले पेलेट गार झाल्यावर पाण्यात टाका: दाबलेला चांगला पेलेट बुडतो, कच्चा तरंगतो. मग डाय, रोलर आणि रोलरचे बेअरिंग वेगळे मिळतात का, किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या.