रायफल घेऊन उभ्याने नेम धरताना अंग तिरकं की छाती समोर?

एनसीसीत नव्याने आलेल्या फोंड्या-म्हापशाच्या पोरांचा हा ठरलेला प्रश्न. मोबाइलवरचे कमांडो छाती समोर करून उभे असतात, आणि स्पर्धेतले नेमबाज अंग तिरकं करून. मग शिकायचं काय?

तिरकी पद्धत थ्री-नॉट-थ्रीच्या, म्हणजे जुन्या ली-एनफिल्ड रायफलीच्या जमान्यातली. डावा खांदा टार्गेटकडे, उजवं कोपर थेट खांद्याच्या उंचीला. यात रुबाबाचा भाग नव्हता. ली-एनफिल्डला पिस्तुलासारखी मूठ नाही. तिच्या दस्त्यावर पंजा बसवला की कोपर आपसूक वर जातं आणि बट (दस्त्याचं मागचं टोक) टेकायला खांद्यात खळगा तयार होतो. 1961 साली गोवा मुक्तीसाठी उतरलेल्या भारतीय पायदळाकडे मुख्यतः हीच रायफल होती.    

समोरासमोरची पद्धत आणली ती मुख्यतः बुलेटप्रूफ जॅकेटने. प्लेट छातीवर आणि पाठीवर असते; अंग तिरकं केलं की काखेची उघडी बाजू शत्रूपुढे येते. त्यात सैन्यातल्या इन्साससारख्या 5.56 मिमीच्या रायफलीला मूठ आहे, धक्का कमी आहे. म्हणून कोपरं खाली, गुडघे किंचित वाकलेले, भार पुढच्या बाजूला. चालता चालता झाडायला, लागोपाठ दुसरी गोळी घालायला हेच बरं. पण अशा उभ्याने मिनिटभर शिस्त (नेम) धरून बघा, दंड थरथरू लागतात. सगळं वजन स्नायूंवर.

10 मीटर एअर रायफल खेळायची असेल तर तिरकंच उभं राहा, यात दुसरा विचार नको. डावं कोपर बरगडीला आणि कमरेला टेकतं, रायफलीचं वजन हाडं पेलतात. आणि तिथे दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. एनसीसीत पॉइंट टू-टू (.22) रायफलीचं फायरिंग बहुतेक पडूनच, तेव्हा तिथे ग्रुपिंगकडे, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात त्याकडे बघा. सैन्यात जायचंय? समोरासमोरचं तिथले उस्ताद शिकवतील. घरी व्हिडिओ बघून गिरवत बसू नका, चुकीची सवय मोडायला जास्त दिवस लागतात.

तिरकं उभं राहताना मात्र एवढं करा: शिस्त घ्या, डोळे मिटा, दोन श्वास सोडा, उघडा. नळी डावी-उजवीकडे सरकलेली दिसली तर ती हाताने ओढून आणू नका. मागचा पाय हलवा.