दुपारच्या मरगळीवर अंगठा की बाटली?

दुपारी डोळ्यांवर झापड येते, हात आणखी एका कॉफीकडे वळतो आणि तेवढ्यात कुणीतरी सांगतं, ‘त्यापेक्षा ॲक्युप्रेशर करून बघ, अंगावरचे ठरावीक बिंदू अंगठ्याने दाब.’ दुसरं कुणी पेपरमिंटच्या सुगंधी तेलाची बाटली हुंगायला पुढे करतं. मी दोन्ही बऱ्यापैकी नेटाने वापरलं आहे आणि आता एकाकडे झुकलो आहे. बिंदूंचे तक्ते आणि तेलांच्या याद्या कुठेही सापडतात, त्या इथे देत बसत नाही.

निवड करण्याआधी तक्रार नेमकी कोणती आहे ते पाहावं. जेवणानंतरची पेंग वेगळी आणि आठवडेच्या आठवडे अंगात मुरलेला थकवा वेगळा. दुसरा प्रकार असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी १२ तपासून घ्या. रात्री जोरात घोरत असाल तर डॉक्टरांना तेही सांगा. त्या थकव्यावर अंगठा किंवा तेल यांच्या भरवशावर राहणं बरं नाही.

वेगाच्या बाबतीत तेल सरळ पुढे आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूच्या बाह्यपटलापर्यंत जातं ते थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून. वासाला हा नाका लागत नाही. तो घ्राणकंदातून, म्हणजे मेंदूच्या वास टिपणाऱ्या भागातून, भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोहोचतो. पेपरमिंटची गंमत आणखी वेगळी आहे. त्यातलं मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं, म्हणून नाक एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं. हवा तेवढीच आत येत असते, पण वाटतं खरं, आणि पेंग उडवायला ते वाटणंही पुरतं.

प्रयोगांचा थोडा आधारही तेलांना आहे. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात मार्क मॉस आणि सहकाऱ्यांनी १४४ जणांवर रोझमेरी आणि लॅव्हेंडरचे वास तपासले. निष्कर्ष २००३ साली छापून आले. रोझमेरीच्या खोलीतल्यांची स्मरणाची गुणवत्ता सुधारली, पण आठवायचा वेग मंदावला. रोझमेरीच्या बाटल्यांवर यातलं पहिलं अर्धं वाक्यच कामाला येतं. २००८ च्या त्यांच्याच प्रयोगात पेपरमिंटमुळे सतर्कता वाढलेली दिसली. अर्थात वास लपवता येत नाही, आपल्याला काय हुंगायला दिलं आहे ते माणसाला कळतंच. त्यामुळे अपेक्षेचा वाटा किती आणि तेलाचा किती हे वेगळं काढणं अवघड जातं.

ॲक्युप्रेशरला वेळ लागतो आणि जागा नेमकी सापडावी लागते. ‘एसटी ३६’ या नावाचा बिंदू घ्या. तक्त्यात तो गुडघ्याखालचा एक ठिपका असतो, पण पायावर ठिपका थोडाच काढलेला असतो? गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून चार बोटं खाली यायचं आणि नडगीच्या हाडापासून बाहेरच्या बाजूला एक बोट सरकायचं. तिथे अंगठा थोडा वर-खाली फिरवला की एका जागी वेगळीच रग लागते. ती नुसत्या दुखण्यासारखी नसते. जरा हवीहवीशी वाटते आणि कधी घोट्याच्या दिशेने उतरते. ती लागली की जागा मिळाली. मग साधारण दोन-तीन मिनिटं दाबून, बारीक गोल फिरवत राहायचं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला ‘एलआय ४’ त्या मानाने पटकन सापडतो, आणि तो टेबलाखाली हात ठेवून कुणाच्या नकळत दाबता येतो. तळपायाचा बिंदू गुणी आहे, पण त्यासाठी चारचौघांत बूट-मोजे काढावे लागतात. मानेच्या वरच्या टोकाला, कवटीच्या कडेखाली दोन्ही बाजूंना ज्या खळग्या असतात, त्या स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी जरूर धरून पाहाव्यात.

ॲक्युप्रेशरच्या बाजूनेही प्रयोग आहेत. २००५ साली छापलेल्या एका अभ्यासात दिवसभराच्या वर्गाला बसलेल्या विद्यार्थ्यांना उत्तेजक आणि शामक असे दोन प्रकारचे बिंदू आलटून पालटून दाबायला दिले होते. उत्तेजक बिंदूंच्या दिवशी पेंग कमी आली. त्याहून मोठा अभ्यास मिशिगन विद्यापीठातला, २०१६ सालचा. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या, पण थकवा न गेलेल्या स्त्रियांनी सहा आठवडे रोज घरच्या घरी बिंदू दाबले. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत उत्तेजक आणि शामक, दोन्ही गटांचा थकवा कमी झाला. झोप मात्र सुधारली ती शामक बिंदूंच्या गटाची. दुपारी तरतरी हवी म्हणून झोप सुधारणारे शामक बिंदू दाबावेत हे आधी उलटं वाटतं, पण माझा अनुभव याच्या जवळ जाणारा आहे. तिथल्या स्त्रियांची अवस्था आणि आपली दुपारची पेंग एक नव्हे, हेही खरंच.

इथवर पारडी साधारण सारखीच होती. माझ्यासाठी निकाल लावला तो नाकाने.

एकच वास सलग येत राहिला की नाक काही मिनिटांतच त्याची दखल घेणं सोडतं. डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास खोलीभर पसरवणारं उपकरण, सुरू केला की पहिली काही मिनिटं झकास जातात. मग वास ‘गेला’ असं वाटतं. गेलेला नसतो, खोलीत तसाच भरून असतो, आपलं नाक तेवढं सरावलेलं असतं. म्हणून आणखी दोन थेंब पडतात, थोड्या वेळाने आणखी दोन. बाहेरून येणारा माणूस दारातच थबकून विचारतो, ‘अरे, इथे काय सांडलंय?’ तोवर आपलं डोकं जड झालेलं असतं आणि त्याचं खापर आपण कामावर फोडत असतो. खोलीत अर्धशिशीचा किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल, तर आपली तरतरी त्याच्या माथी बसते आणि बिचारा भिडेपोटी बोलतही नाही.

मला खटकलं ते इतकंच, की तेलाची मात्रा ज्याच्या भरवशावर ठरवायची ते नाकच आधी झोपी जातं. अंगठ्याचं तसं नाही. जास्त दाबलं तर तिथल्या तिथे कळ येते, कमी दाबलं तर काहीच लागत नाही, आणि शेजारच्याला त्याचा पत्ताही नसतो. माझ्यापुरता हा फरक बाकी सगळ्या गुणांना पुरून उरला. मुळातच कमी वास येणाऱ्याला किंवा एकटं बसून काम करणाऱ्याला तो कदाचित एवढा जाणवणार नाही.

तेलाची बाजू अगदीच सोडायची नसेल तर डिफ्यूझर तेवढा बाजूला ठेवा. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाकून तो झाकणाच्या छोट्या डबीत ठेवायचा. लागेल तेव्हा डबी उघडून दोन-तीन श्वास घ्यायचे आणि लगेच बंद करायची. मधल्या वेळात नाक पुन्हा ताजं होतं. सकाळी, जेव्हा अंगठ्यालाच उठायचा कंटाळा असतो, तेव्हा मीही ही डबी उघडतो.

‘दोन्ही एकदम का नाही?’ असं विचारलं जातं. करता येतं, पण क्रम सांभाळा. बिंदूवर तेल लावून दाबायला गेलात तर अंगठा निसटतो, जागा हलते आणि दाबण्याऐवजी चोळणं सुरू होतं. आधी कोरड्या हाताने दाबा, वास नंतर घ्या.

अंगठ्याच्या वाटेलाही खाचखळगे आहेत. सांधेदुखी असेल तर अंगठाच आधी कुरकुरतो. त्याऐवजी बोटाचं पेर किंवा पेनचं बोथट टोक वापरता येतं. नखं वाढलेली असतील तर विषयच संपला. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पेंग आलेल्या माणसाला पेंगेवरचा उपाय आठवत नाही. टेबलावरची बाटली निदान दिसते तरी. गरोदरपणात ‘एलआय ४’ आणि घोट्याच्या आतल्या बाजूच्या वरचा ‘एसपी ६’ दाबू नये असा पारंपरिक संकेत आहे, तो पाळलेला बरा. फुगलेल्या शिरांवर दाब नको, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी विचारून घ्या.

तेलांची पथ्यं जास्त आहेत. पेपरमिंट आणि निलगिरी तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ न्यायचं नाही. अपस्मार असलेल्यांनी रोझमेरी, निलगिरी, कापूर यांपासून लांब राहावं. घरात मांजर असेल तर विशेष जपा, कारण या तेलांतली बरीच द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निचरता येत नाहीत. पोटात घेण्याचा प्रश्नच नाही. त्वचेला लावायचं असेल तर १० मिलिलिटर साध्या तेलात चार थेंब, म्हणजे साधारण २ टक्के, पुरे होतात. लिंबू किंवा बर्गमॉट या लिंबासारख्या फळाचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते.

एवढं वाचूनही बाटलीच घ्यायची ठरली, तर गडद काचेची आणि छोट्यात छोटी घ्या. वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापलेलं नसेल तर ती ठेवून द्या, ‘१०० टक्के शुद्ध’ या शब्दांवर जाऊ नका. झाकण उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवा. लिंबू-संत्र्याची तेलं हवेने लवकर खराब होतात, आणि जुनं तेल त्वचेला लावलं तर ताज्यापेक्षा ॲलर्जी होण्याची शक्यता जास्त असते.