आजोबांचा वस्तरा, एका पावसाळ्यानंतर

माघात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली, तिच्या तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला आजोबांचा वस्तरा होता. मूठ शिंगाची, पात्याच्या बुडाशी 'झोलिंगेन' हा शिक्का. सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे जर्मनीतलं शहर. १९३८ पासून तिथल्या कायद्यानं या नावाला संरक्षण आहे. आमचं घर वेंगुर्ल्याला, समुद्राच्या वाऱ्यातच. खिडकीचे गजसुद्धा इथे दर वर्षी रंगवावे लागतात, मग या कार्बन पोलादाची काय कथा. पातं तांबूस गंजानं झाकलेलं होतं.

पहिली चूक माझ्या हातून झाली ती घरच्या सवयीनं. तांब्याचे हंडे आमसुलानं लखलखतात, म्हणून पात्याच्या टोकाला आमसूल चोळलं. आंबट पदार्थ गंजाबरोबर पोलादही खातो. टोकाला करडा डाग पडला आणि धुऊन पुसेपर्यंत नवा तांबूस थर दिसायला लागला. तो डाग आजही आहे. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही लावू नका.

मग शिवणयंत्राचं तेल लावून रात्रभर ठेवलं. पातं फळीवर आडवं टेकवून १००० नंबरचा पाणकागद (बारीक घासकागद) तेलातच हलक्या हातानं फिरवला, नंतर २००० चा. तीन संध्याकाळी गेल्या. ड्रिलला पॉलिशचं चाक लावून हे काम दहा मिनिटांत होईल असं एकानं सुचवलं होतं. नाही केलं तेच बरं. धारेजवळ पातं कागदासारखं पातळ असतं, क्षणात तापतं, आणि निळसर झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं. मग ती धार टिकत नाही. तांबूस गंज निघाला, खालचे काळे डाग मात्र मी ठेवले. ते पसरत नाहीत. ते काढायचे तर पोलादच घासावं लागतं, आणि पातं मुळात किती उरलंय?

धार लावायला गावातल्या नाभिक काकांकडे गेलो. तेही आता अर्ध्या ब्लेडचाच वस्तरा वापरतात, पण हात विसरलेला नाही. मी पातं कललेलं धरलं तसे म्हणाले, "पाठ उचलू नको रे, दगडारच र्‍हवांदे." धारेचा कोन पात्याची पाठच ठरवते, आपण ठरवायचा नसतो. दगडावर धार पुढे, चामोटीवर, म्हणजे धार साफ करायच्या चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे. आधी १०००, मग ३०००, शेवटी ८००० चा दगड. त्यानंतर चामोटीवर चाळीस फेऱ्या.

आठवड्यातून तीनदा, असे आठ महिने झाले. सुरुवातीला एका दाढीला अर्धा तास लागायचा, आता पंधरा मिनिटं. हनुवटीखाली अजून जपून जातो. मानेवर केस आत वळून पुटकुळ्या यायच्या, त्या जवळजवळ गेल्या.

खरी परीक्षा आषाढात झाली. एका सकाळी घाईत ओला वस्तरा मिटला आणि दुसऱ्या दिवशी पातं मुठीला जोडणाऱ्या खिळ्याजवळ केशरी रेघ! तेव्हापासून पुसून अर्धा तास पंख्याखाली उघडा ठेवतो, मगच तेल. आधी खोबरेल लावत होतो, पण ते चिकट होऊन खिळ्यापाशी साचलं; शिवणयंत्राचंच तेल बरं. चामड्याचं पाकीट ओल धरतं, म्हणून स्टीलच्या डब्यात, औषधाच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. चामोटीला श्रावणात बुरशी आली. कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वाऱ्याला टांगली. उन्हात चामडं कडक होतं.

तुमच्याकडच्या जुन्या वस्तऱ्यावर गंजानं पडलेला खड्डा धारेपर्यंत पोचला असेल तर दगडांवर पैसे घालू नका, तिथे धार तुटत राहते. माझे दोन खड्डे वर, पाठीकडे आहेत, म्हणून निभावलं. शिक्क्यावर मी कागद फिरवला नाही. त्यातलं शेवटचं अक्षर गंजानं खाल्लंय, बाकीची दर दाढीला वाचता येतात.