साफ करून दिलेलं ‘पापलेट’ निघालं तळ्यातलं रूपचंद, मासे घेताना जरा बघून घ्या

पुण्यात किंवा समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी हे वाचाच, त्यातही जून-जुलैत मासे घेत असाल तर नक्की.

आमच्याकडे नवीन दुकान उघडलंय, एसी, काचेचं काउंटर, पोरांच्या हातात ग्लोव्हज, एकदम चकाचक. बोर्डावर लिहिलेलं ‘ताजं पापलेट, साफ करून, ६५० रुपये किलो’. त्या वेळी बाजारात बऱ्यापैकी पापलेट हजाराच्या खाली मिळत नव्हतं. एवढं स्वस्त कसं विचारलं तर म्हणे थेट बोटीवरून माल येतो, मधे दलाल नाही. आता १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मग ही कुठली बोट देव जाणे!

डोकं, शेपूट, पर सगळं उडवून तुकड्या करून हळद-मीठ लावूनच देतात, म्हणजे कातडीचा रंगसुद्धा कळू नये. घरी आत्या आलेली, रेवदंड्याची. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, हा दर्याचा मासा नाही, याला चिखलाचा वास येतोय. पापलेटात मधला काटा काढला की काम संपतं, म्हणून तर लहान पोरांना आपण तेच भरवतो, आणि इथे मांसात जागोजागी बारीक, टोकाला दोन फाटे फुटलेले काटे. पोरीच्या घशात एक टोचला, चांगली दहा मिनिटं रडत होती.

दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं अख्खा मासा दाखव. मालक टाळत होता पण पोराने थर्माकोलचा बॉक्स उघडला. पोट लालसर, पाठीवरच्या पराच्या मागे शेपटीजवळ अजून एक छोटासा मांसल पर, पोटाखाली परांची जोडी, आणि तोंडात चक्क माणसासारखे दात. पापलेटाला यातलं काहीच नसतं. सरळसरळ रूपचंद! मूळ दक्षिण अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, पिरान्हाच्या नात्यातला, आपल्याकडे तळ्यात वाढवतात, भाव पापलेटाच्या पाव सुद्धा नाही. खायला काही वाईट नाही, पण मग रूपचंद म्हणूनच विका ना. मालक म्हणतो, ‘साहेब हे पण पापलेटच, फार्मचं.’

बोनलेसमध्ये तर अजून मजा आहे. सुरमई किंवा रावस म्हणून बासा, म्हणजे गोड्या पाण्यातला स्वस्त मासा खपवतात, ग्रेव्हीत टाकला की कोण ओळखणार. सुरमईची काट्यासकट तुकडी घेतली तर ती घट्ट असते, मधे गोल मणका, कडेला चंदेरी कातडी. बासा पांढराफटक, मऊ, तव्यावर पाणी सोडतो आणि माशाचा वासच नाही.

म्हणून अख्खा मासा बघा, वजन करा, तुमच्यासमोर कापायला लावा. आणि बिलावर माशाचं नाव लिहून घ्या, माझ्या बिलावर नुसतं ‘फिश’ आहे. दुसऱ्याच पदार्थाच्या नावाने माल विकणं २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात मिसब्रँडिंगमध्ये येतं, ३ लाखांपर्यंत दंड आहे, तक्रार एफडीएकडे म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. पण ‘फिश’ लिहिलेल्या बिलावर पापलेट सांगितलं होतं हे सिद्ध कसं करणार? मालकाला हे पक्कं माहीत होतं, कारण पैसे परत मागितले तर आधी बिल बघायला मागितलं आणि मग हसून म्हणाला, यात पापलेट कुठे लिहिलंय.