दिवाळीला घरचं काय द्यावं: बेसन लाडू, करंज्या, चिवडा की कोकमाची बाटली?

नागपूरच्या आत्याला एका दिवाळीत मी ओल्या नारळाचे रवा लाडू कुरिअरने पाठवले. डोंबिवलीहून खोकं पोचलं चौथ्या दिवशी. आत्याचा लगेच फोन आला, "मिळाले गं लाडू. वेलचीचा वास काय सुरेख होता!" चवीबद्दल अवाक्षर नाही. पुढे महिन्याभराने आतेबहिणीने सांगितलं, डबा उघडला तेव्हा लाडवांना तार सुटली होती.

तेव्हापासून कोणाला द्यायचा पदार्थ निवडताना मी चव दुसऱ्या नंबरवर ठेवते. आधी बघते, यात पाणी किती उरलंय? घरी आलेल्यापुढे ताटलीत ठेवायचं असेल तर हा प्रश्नच येत नाही, वाटेल ते करा. पण डब्यात भरून दुसऱ्याच्या घरी पाठवायचं म्हणजे ते तिथे कधी उघडेल, कुठल्या ओल्या हाताने घेतलं जाईल, यावर आपला काही ताबा नाही. नोकरी सांभाळून एकच शनिवार-रविवार हाताशी आणि यादीत बारा घरं, अशी तुमचीही स्थिती असेल तर माझा हिशेब तुम्हाला उपयोगी पडेल.

माझं मत बेसन लाडवाला, आणि तेही बऱ्याच फरकाने. एक किलो बेसन, अर्धा किलो साजूक तूप, पाऊण किलो पिठीसाखर. चाळीस ग्रॅमचा लाडू वळला तर पंचावन्नच्या आसपास होतात. बारा घरांना चार-चार दिले तरी घरी सहा-सात उरतात, तेवढे वळतावळताच संपतात. खर्चात तूप सगळ्यात जड. तिथे हात आखडायचा असेल तर लाडूच करू नका, तुपाला पर्याय घातलेला लाडू पहिल्या घासाला ओळखू येतो.

बेसन जरा जाडसर दळलेलं घ्या, दुकानात 'लाडू बेसन' म्हणून मिळतं. बारीक पिठाचा लाडू टाळूला चिकटतो. मंद आचेवर किलोभर बेसन भाजायला पाऊण तास तरी लागतोच. पहिली पंधरा-वीस मिनिटं उलथणं चिखलातून ओढल्यासारखं जड चालतं आणि नवीन माणूस इथेच घाबरून आणखी तूप ओततो. ओतू नका. पीठ भाजत आलं की आपोआप सैल पडतं, हात हलका होतो, कडेने तूप दिसायला लागतं आणि वास शेजारच्या घरापर्यंत जातो. मग दुधाचा हबका मारायचा, दोन-तीन चमचेच. पीठ चरचरून फुलतं आणि लाडू रवाळ होतो. ते दूध गॅस चालू असतानाच पूर्ण आटवायचं, कारण अख्ख्या लाडवात ओलावा काय तो तेवढाच. ते जमलं तर लाडू कपाटात दोन-तीन आठवडे मजेत राहतो.

साखर मात्र मिश्रण कोमट झाल्याशिवाय घालायची नाही. एका वर्षी मला घाई होती, गरम बेसनातच साखर ढवळली. सगळं पातळ झालं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी कसेबसे वळले, तर दुपारपर्यंत एकूणएक लाडू बसले. ताटात पेढे मांडल्यासारखे दिसत होते. ते कोणाला दिले नाहीत, ऑफिसात नेले. ऑफिसात आकाराची चौकशी कोणी करत नाही.

परगावी पाठवायलाही लाडूच. एकेक लाडू कागदी वाटीत, डब्यात जराही पोकळी नको, वर बटर पेपरचा बोळा दाबून झाकण. डबा हलवून बघा, आवाज आला तर पुन्हा भरा. परदेशी धाडायचं असेल तर आधी त्या देशाचे नियम वाचा. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी दुधाच्या मिठाया विमानतळावरच काढून घेतात.

आता चिवडा. खर्च कमी, मेहनत कमी, आणि ज्या घरात कोणाला मधुमेह आहे तिथे लाडवापेक्षा शहाणपणाचा. अर्धा किलो पातळ पोहे, दाणे, डाळं, सुक्या खोबऱ्याचे काप मिळून किलोभर सहज होतो. पोहे आधी उन्हात किंवा मंद आचेवर कुरकुरीत करून घ्यायचे, आणि कढीलिंब फोडणीत अगदी कडक होऊ द्यायचा. मऊ राहिलेलं एक पान अख्ख्या डब्याला दमट करतं. कांदा घालायचा मोह टाळा, तळलेला कांदा आपल्या घरी दोन दिवसांत संपतो म्हणून चालतो. चिवड्याची अडचण दुसरीच आहे. दिवाळीत तो प्रत्येक घरात असतोच. तुमचा चिवडा त्यांच्या डब्यात ओतला जातो आणि पाडव्यापर्यंत कोणाचा कुठला ते कळत नाही. शिवाय कुरिअरवाले खोक्याचं आकारमानही मोजतात, त्यामुळे हलका चिवडा पाठवायला महाग पडतो.

करंजी दिसायला सगळ्यात देखणी, आणि द्यायला सगळ्यात वाईट. सुक्या खोबऱ्याचं सारण असेल तर टिकण्याचा प्रश्न नाही, पण साट्याची, म्हणजे पोळ्यांच्या थरांना तूप-पिठाचा लेप लावून केलेली करंजी जितकी खुसखुशीत तितकी नाजूक. प्रवासात तिचा चुरा होतो. एकटीने करायचं कामही नव्हे. एक जण लाटायला, एक भरून कातायला, एक कढईपाशी. एकीचं तोंड तेलात उघडलं की सारण जळतं आणि पुढचा अख्खा घाणा काळपट. मी फक्त खालच्या मजल्यावरच्या काकूंना देते, तेही ताटलीत, रुमाल टाकून.

चकलीचंही जवळजवळ तेच. चकली तेलात सोडली की भोवती बुडबुड्यांचा कल्लोळ उठतो. ते बुडबुडे म्हणजे पिठातलं पाणी बाहेर पडतंय. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढायची, आधी नाही. तेल फार तापलं असेल तर वरून रंग येतो, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी चकली मऊ. नीट तळलेलीसुद्धा दोन आठवड्यांनी तेलकट वास धरते. म्हणून चकली पाठवू नये, माणसांनाच चकली खायला बोलवावं. लोण्याचा गोळा बाजूला ठेवा, दुसरं काही करायची गरज नाही.

बोलावलेल्यांना प्यायला काय, इथे कोकमाची बाटली येते, आणि ती भेट म्हणूनही लाडवाच्या खालोखाल. पण तिचं काम मे महिन्यात करावं लागतं. माझं सासर कुडाळचं, तिथे उन्हाळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरले की ते फोडून, बिया काढून, सालींच्या वाट्यांत साखर भरून काचेच्या बरणीत दाबून ठेवायचे. सालींच्या दीडपट ते दुप्पट साखर. आठवडाभर उन्हात ठेवली की बरणीत गडद लाल पाक जमतो. गाळायचा, जिरेपूड आणि मीठ घालायचं, झालं अमृत कोकम. इथे पाणी आहे, पण साखर त्याला बांधून ठेवते. गोड कमी हवं म्हणून साखर अर्ध्यावर आणलीत तर पाक फसफसतो. माझी एक बाटली अशीच आंबली, झाकण उडालं, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा डाग रंगकाम होईपर्यंत तसाच होता. पाऊण लिटरच्या बाटलीत अठरा-वीस ग्लास सरबत होतं, म्हणजे पाहुण्यांची एक संध्याकाळ निभते. काचेची बाटली कुरिअरने नको, आणि परदेशी जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात तर चालणारच नाही. हातोहात द्यायची.

मे महिन्यात जमलं नसेल तर ऑक्टोबरात आमसुलं भिजवून, उकळून सरबत करता येतं. घरी प्यायला ठीक, भेट द्यायला तो रंग आणि तो वास येत नाही.

कधी द्यायचं, याचाही विचार करा. लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत कोणाच्याही घरी फराळाला जागा नसते. मी वसुबारसेच्या आधी देते, म्हणजे माझा लाडू त्या घरातला पहिला असतो आणि खाल्ला जातो. तेव्हा जमलं नाही तर सरळ तुळशीच्या लग्नानंतर, सगळे डबे रिकामे झाल्यावर. चांगल्या स्टीलच्या डब्यात तर मुळीच देऊ नका. आपल्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, त्यामुळे समोरच्या बाईच्या डोक्याला उगाच घोर की आता यात घालू काय.

एक भेट या सगळ्यात बसत नाही, ती म्हणजे अनारशाचं पीठ. तळलेले अनारसे नव्हे, नुसतं पीठ. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत जरा सुकवून दळायचे, गूळ कालवून गोळा मुरवायचा. वेळखाऊ, कटकटीचं काम, तेवढं आपण करायचं. सोबत खसखशीची पुडी. पीठ फ्रिजमध्ये महिना-दोन महिने राहतं, तळायचं तेव्हा तळा. हे सगळ्यांना देऊ नका, ज्यांना स्वयंपाकघरात उभं राहायला आवडतं त्यांनाच. गेल्या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीला दिलं. पुण्याला नवीन संसार, हातात नवी कढई. रात्री दहाला तिचा फोन. "अगं, पहिले तीन हसले तेलात, कढईभर चुरा झालाय. काय करू?" म्हटलं गॅस बारीक कर, चमचाभर तांदळाचं पीठ मळून घाल आणि खसखशीची बाजू वर ठेव. दहा मिनिटांनी फोटो आला. एकच होता, पण जाळीदार.