रेडॉन मीटर: साताऱ्यातल्या जुन्या घरात दीड वर्षाचा अनुभव

नवीन रेडॉन मीटर आणला की पहिला आठवडाभर आकड्याकडे फार लक्ष देऊ नका. दीड वर्ष वापरून सांगतोय. रेडॉन म्हणजे खडक-मातीतल्या युरेनियमपासून तयार होऊन जमिनीतून घरात झिरपणारा किरणोत्सारी वायू. मीटरच्या आत छोटी पोकळी असते. तिच्यात खोलीतली हवा आपोआप शिरते आणि रेडॉनच्या विघटनातून निघालेले अल्फा कण सिलिकॉनच्या सेन्सरवर आदळतात, ते मोजले जातात. रेडॉन कमी असला तर तासाला मोजकेच कण सापडतात, म्हणून आकडा सकाळी एक, संध्याकाळी भलताच. खरा उपयोग महिन्या-दोन महिन्यांच्या सरासरीचा.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. मागची खोली उतारात निम्मी गाडली गेलेली, दादा तिथेच झोपतात. त्यांनी उमेदीची वर्षं विडी ओढली. धूम्रपान आणि रेडॉन एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो, म्हणूनच हा खर्च केला. सातारा काळ्या बेसॉल्टवर वसलाय आणि त्यात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम कमी असतं. तरी बंद, जमिनीला टेकलेल्या खोलीत वायू साठतोच.

पुढच्या सोप्यात आकडा बहुतेक वेळ तीस बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक, इथे दर घनमीटर हवेमागे) आतबाहेर राहिला. मागच्या खोलीत पावसाळ्यात, झडीमुळे खिडकी बंद असताना, आणि पुढे थंडीतही सरासरी १३०च्या घरात. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी १०० बेकरेल प्रति घनमीटर आहे. अमेरिकेत ४ पिकोक्युरी प्रति लिटरला उपाय करायला सांगतात, म्हणजे साधारण १४८ बेकरेल. घेताना एकक नक्की बघा, १ पिकोक्युरी प्रति लिटर म्हणजे ३७ बेकरेल प्रति घनमीटर.

गवंड्याकडून फरशीच्या सांधी आणि भिंतीच्या बुडातली भेग सिमेंटने भरून घेतली, वर झरोका पाडला. पुढच्या थंडीत तीच सरासरी साठच्या आसपास आली. मीटर नसता तर हे काम उपयोगी पडलं की नाही, कळलंच नसतं. माझ्या दृष्टीने पैसे इथेच वसूल झाले.

रिमोटला लागतात तसले तीन बारीक सेल पुरतात, अजून बदललेले नाहीत. ठेवायचा तो खिडकी-दारापासून लांब, झोपतो साधारण त्या उंचीवर. जमिनीवर नको. मोबाइलला जोडता येत नाही, त्यामुळे आकडे मी वहीत लिहितो.

कोळशाच्या डबीची चाचणी (डबीतला कोळसा रेडॉन धरून ठेवतो, मग ती लॅबमध्ये तपासतात) स्वस्त असते, पण रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे डबी लॅबमध्ये लगेच पोचायला हवी. शिवाय ती दोन-चार दिवसांचंच चित्र दाखवते. धूळ मोजणारी हवेची यंत्रं रेडॉन मोजत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो.

वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी मी हा घ्या म्हणणार नाही. तळमजला, तळघर किंवा उतारात गेलेली खोली असेल आणि तिथे कुणी रोज झोपत असेल, तर जरूर घ्या. दोन-तीन घरांनी मिळून घेतलात तरी चालेल, प्रत्येकाने आळीपाळीने थंडीतले दोन महिने ठेवावा.