ठिबकची कामं करणाऱ्याने लॅपटॉप सोडून टॅब घेतला तर: गॅलेक्सी टॅब एस९ एफई

ठिबकच्या धंद्यात ऑफिस असं नसतंच, सकाळी संगमनेर, दुपारी अकोले तालुक्याकडं, आणि कोटेशन बनतं ते कुणाच्या तरी ओट्यावर चहा येईपर्यंत. मोटारसायकलवर लॅपटॉपची बॅग घेऊन फिरणं म्हणजे वैताग, धूळ आणि खड्डे दोन्ही फुकट. म्हणून सॅमसंगचा हा टॅब घेतला, वायफायवाला, ६ जीबी रॅम १२८ स्टोरेज. २०२३ ला आला तेव्हा ३६,९९९ होता, नंतर सेलमध्ये बराच खाली आला.

घ्यायचाच असेल तर पेनासाठी घ्या, बाकी सगळं नंतर. पेन बॉक्समध्येच येतं, त्याला चार्जिंग लागत नाही. माझं काम असं, शेतकऱ्याकडून गट नंबर घ्यायचा, गटाचा नकाशा मोबाईलवर काढायचा, त्याचा स्क्रीनशॉट टॅबवर घेऊन त्यावरच विहीर, मेन लाईन, सबमेन (मेन लाईनमधून फुटणारा पाईप), व्हॉल्व्ह कुठं ते काढायचं. लॅपटॉप उघडला की शेतकरी जरा लांब सरकून बसायचा, इथं उलटं, परवा एका बाबांनी सरळ पेन हातातून घेतलं, "अरे बांध इथं नाही, लिंबाच्या पलीकडं," आणि स्वतःच रेघ मारून दिली. लॅटरलची, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या ठिबक नळीची, लांबी बदलली, कोटेशन बदललं, तिथंच पीडीएफ करून व्हॉट्सॲपला. नंतर "तुम्ही असं कुठं म्हणाला होता" हा विषयच येत नाही, रेघ त्यांचीच.

पाण्याचं म्हणाल तर आयपी६८ आहे, पेनाला पण, म्हणजे गोड्या पाण्यात दीड मीटर अर्धा तास अशी टेस्ट. पावसाला आणि ओल्या हाताला घाबरायचं कारण नाही. पण ॲसिड ट्रीटमेंट, म्हणजे ठिबकच्या नळ्या ॲसिडने साफ करणं, चालू असेल किंवा खताची टाकी उघडी असेल तिथं हे रेटिंग कामाचं नाही, लांबच ठेवा.

वजन ५२३ ग्रॅम, त्यात जाड कव्हर आणि ब्लूटूथ कीबोर्ड धरला की ते हलकं-बिलकं काही राहत नाही हे पण सांगतो. बॅटरी ८००० एमएएच, दिवस निघतो, आणि मुख्य म्हणजे मोबाईलच्याच पॉवर बँकेवर चालतं. बॉक्समध्ये चार्जर नाही, ४५ वॉटचा सपोर्ट आहे पण तो वेगळा घ्यायचा. भर दुपारी वावरात स्क्रीन दिसत नाही, एलसीडी आहे, झाडाखाली जावं लागतं.

आता रडगाणं. मायक्रोसॉफ्टचं एक्सेल १०.१ इंचापर्यंतच्या स्क्रीनवर फुकट एडिट करता येतं, हा १०.९ चा, म्हणजे वर्गणी भरा नाहीतर गुगल शीट्सवर या. मी शीट्सवर आलो. ज्यांची रेटची फाईल मॅक्रोवर, म्हणजे आपोआप कामं करणाऱ्या सूचनांवर, चालते त्यांनी तर विसराच, अँड्रॉइडच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. हिशेबाचं टॅली जसं कॉम्प्युटरवर चालतं तसं इथं नाही, डिजिटल सहीचं डोंगल लागणारी कामं पण घरच्या कॉम्प्युटरवरच. आणि एक खास आपलं दुखणं, श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईली उघडल्या की समोर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ, फॉन्टच नाही तर करणार काय, ज्याच्याकडून फाईल येते त्यालाच युनिकोडमध्ये मागायची. नवीन मराठी लिहायला मात्र त्रास नाही, गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर बोलून टाईप केलेलं मराठी बरंच नीट येतं, फक्त गावांची नावं तपासत जा.

अजून एक, पोर्ट यूएसबी २.० आहे, म्हणजे केबल लावून टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर चित्र येत नाही. शेतकरी मेळाव्यात प्रेझेंटेशन देणार असाल तर हे आधीच बघा, वायरलेसने जातं पण मंगल कार्यालयातल्या टीव्हीला ते जमेल याची खात्री कोण देणार. डेक्स मोड, म्हणजे कॉम्प्युटरसारख्या विंडो, आहे टॅबच्याच स्क्रीनवर, दोन-तीन विंडो उघडल्या की ६ जीबी रॅम कण्हायला लागते.

५जी वाला घ्यावा का असं दोघा-तिघांनी विचारलं. २०२३ ला आला तेव्हा तो ८,००० ने महाग होता. हॉटस्पॉट खिशात असतोच, जीपीएस वायफायवाल्यात पण आहे, त्यामुळे मी तरी म्हणेन नको. स्टोरेजसाठी २५६ वाला पण नको, मेमरी कार्ड बसतं. उरलेल्या पैशात मागं हाताचा पट्टा असलेलं कव्हर घ्या, दुसऱ्या हातात मोजायची टेप असते ना आपल्या.